उघडी राहिलेली फाइल

प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकात फाइलचा एक धडा असतो. फाइल उघडा, वाचा, लिहा आणि शेवटी बंद करा. पहिल्या तीन गोष्टींवर पानंच्या पानं असतात, चौथीवर एक ओळ. मुलं ती ओळ पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि प्रत्यक्ष कामात गाळतात. गाळली तरी बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. ज्या चुकीला लगेच ठेच लागत नाही तिची सवय होते. शुद्धलेखनातही मी हेच रोज बघतो.

मी संगणकाचा शिक्षक नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो, गरज पडेल तिथे उर्दूही. तरी या एका ओळीवर लिहायला बसलोय, कारण ती न लिहिल्यामुळे आमच्या शाळेतल्या ६९ मुलांची नावं एका यादीतून गळाली आणि सत्तराव्या मुलीचं नाव अर्धं राहिलं.

आधी यादीबद्दल सांगतो. आमच्याकडच्या मुलाचं नाव तीन लिप्यांत राहतं. घरात आणि वर्गात उर्दूत, दाखल्यावर देवनागरीत, आधार कार्डावर रोमनमध्ये. उर्दूत ज़े, ज़ाल, ज़्वाद आणि ज़ोय अशी चार अक्षरं आहेत. मराठीत येताना चौघांचा एकच ‘ज’ होतो. फातिमा कुठे फातेमा होते, कुठे फातमा. हे तिन्ही कागद एकमेकांशी जुळले नाहीत की मूल मोठं झाल्यावर कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतं. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये एकदा लिहिलेलं नाव शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बदलता येत नाही. ज्यांच्या घरात कुणाचंही नाव कधी चुकलं नाही त्यांना हे सगळं फार बारीक वाटेल. आमच्या वाचकांना वाटणार नाही.

तर एका सवलतीसाठी शाळेतल्या २१२ मुलांची यादी द्यायची होती: अनुक्रमांक, उर्दू नाव, देवनागरीत मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख. पूर्वी हे काम आम्ही चार शिक्षक दोन दिवस बसून हाताने करायचो. आमचाच एक माजी विद्यार्थी पॉलिटेक्निकला डिप्लोमा करतोय, त्याने सुट्टीत पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. रजिस्टरबरहुकूम नावांचा तक्ता मी तयार करून दिला होता. प्रोग्रॅम तो तक्ता वाचायचा, यादीची फाइल तयार करायचा आणि तिची एक प्रत पेनड्राइव्हवर टाकायचा. शाळेच्या क्लार्कने बटण दाबलं, पेनड्राइव्ह काढला, कचेरीत नेऊन दिला.

आठवड्याने यादी शेरा मारून परत आली. तुमच्या शाळेची १४३ नावं आहेत, पटसंख्या मात्र २१२ दाखवली आहे. आणि क्रमांक १४३ च्या मुलीच्या वडिलांचं नाव नाही, पुरावा जोडा. यादी घ्यायला गेलेल्या आमच्या क्लार्कला तिथे वर ऐकवलं गेलं, ‘तुमच्याकडे कागदांचा असाच घोळ असतो.’ ‘तुमच्याकडे’ म्हणजे शाळेत की आणखी कुठे, हे त्यांनी विचारलं नाही. मीही विचारलं नसतं.

निरोप त्या मुलीच्या हाती घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी तिची आई आली. बाई शिलाईकाम करते, नवरा ट्रकवर. मिठाईच्या दुकानातली प्लास्टिकची पिशवी घेऊन आली होती. तिने एकेक कागद टेबलावर मांडला: मुलीचा जन्मदाखला, रेशन कार्ड, तिघांची आधार कार्डं, नवऱ्याचा शाळेचा दाखला. सगळ्यात खाली घडी घातलेला निकाहनामा होता. तो कुणी मागितला नव्हता. ‘सर, अब और कौनसा कागज होना?’ तिने विचारलं. तिच्या एकाही कागदात काही कमी नव्हतं. आमच्या रजिस्टरमध्ये मुलीच्या बापाचं नाव स्वच्छ अक्षरात होतं. मी दिलेल्या तक्त्यात होतं. शाळेच्या संगणकावरच्या यादीतही होतं, मी तिच्यासमोरच उघडून पाहिलं: २१२ च्या २१२ नावं, सगळी पूर्ण. फक्त पेनड्राइव्हवर नव्हतं.

सगळ्यांनी पेनड्राइव्हवर खापर फोडलं. रविवारी तो विद्यार्थी आला, त्याचंही तेच म्हणणं: ‘सर, मेरे प्रोग्राम ने तो पूरी लिस्ट बनाई है, देखिए ना.’ नवा पेनड्राइव्ह आणला, प्रोग्रॅम पुन्हा चालवला. पुन्हा १४२ नावं पूर्ण, १४३ वं अर्धं. त्याच मुलीशी, त्याच शब्दानंतर यादी तुटलेली. खराब वस्तू इतकी नेमकी नसते. मग तो खुर्ची ओढून बसला आणि स्वतःचा प्रोग्रॅम वरून खाली वाचू लागला. अर्ध्या तासाने म्हणाला, ‘सर, क्लोज नहीं किया.’

मला ते कळेना. क्लोज केलं नाही, तर मग शाळेच्या संगणकावरची यादी पूर्ण कशी? त्याने समजावलं, नंतर मी स्वतःही वाचलं, आणि ते इतकं साधं आहे की आठवीच्या मुलांना सांगता येतं.

प्रोग्रॅम जेव्हा ‘लिही’ म्हणतो तेव्हा अक्षरं लगेच फाइलमध्ये उतरत नाहीत. बांधकामावरचा मजूर वाळूच्या प्रत्येक मुठीला फेरी मारत नाही. घमेलं भरतं तेव्हा उचलतो. संगणकातही तेच. डिस्कपर्यंत जाणं हे स्मृतीत लिहिण्याच्या मानाने फार सावकाश होणारं काम आहे, म्हणून लिहिलेला मजकूर आधी स्मृतीतल्या एका जागेत साठतो. तिला बफर म्हणतात. पायथनमध्ये हे घमेलं बरीच वर्षं ८१९२ बाइटचं होतं. ते भरलं की एक खेप खाली जाते आणि पुन्हा भरायला सुरुवात होते. फाइल बंद करणं म्हणजे काय? घमेल्यात उरलंसुरलं जे आहे तेही टाकून ये, आणि मग घमेलं परत कर.

आमच्या यादीत एका मुलाची ओळ सरासरी ११५ बाइटची होती. २१२ ओळींचे झाले सुमारे २४ हजार बाइट. दोन खेपा भरून गेल्या, म्हणजे साधारण सोळा हजार बाइट, १४२ मुलं आणि थोडं वर. तिसरं घमेलं भरत आलं होतं, पण भरलं नव्हतं. त्यात ६९ मुलं आणि एका मुलीचा बाप होता. प्रोग्रॅमची पुढची ओळ होती: ही फाइल पेनड्राइव्हवर कॉपी कर. त्या क्षणी डिस्कवर जेवढं होतं तेवढ्याचीच कॉपी झाली. त्यानंतर प्रोग्रॅम संपला, आणि संपताना पायथनने उघडी राहिलेली फाइल स्वतःहून बंद केली, तिसरं घमेलं मुकाट्याने टाकून दिलं. म्हणून मूळ यादी पूर्ण, नक्कल अपुरी. बिघाड शाळेत झाला, दिसला कचेरीत. आणि जिथे दिसला तिथे तो बिघाड म्हणून दिसलाच नाही, ‘कागदांचा घोळ’ म्हणून दिसला.

नाव मधेच का तुटलं, हेही बघण्यासारखं आहे. आमच्या विद्यार्थ्याने मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव वेगवेगळ्या ‘लिही’ने लिहिलं होतं. मुलीचं नाव दुसऱ्या खेपेत बसलं, पुढचं तिसऱ्या खेपेत गेलं. एका ओळीचं सगळं जोडून एकदम लिहिलं असतं तर यादी निदान ओळीच्या शेवटी तुटली असती. तेव्हा कुणा आईला पिशवी घेऊन यावं लागलं नसतं. पण मग ते ६९ जण गेलेले कदाचित कुणाच्या लक्षातही आले नसते. कुठलं बरं म्हणायचं?

यापेक्षा वाईट तुटणंही असतं, आणि ते आपल्या लिप्यांच्या वाट्याला जास्त येतं. यूटीएफ-८ या आजच्या सर्वमान्य पद्धतीत इंग्रजीचं अक्षर एका बाइटमध्ये मावतं. उर्दूच्या अक्षराला दोन बाइट लागतात, देवनागरीला तीन. उर्दूत ‘शेख’ लिहायला सहा बाइट, मराठीत श, मात्रा आणि ख मिळून नऊ. सी भाषेतले प्रोग्रॅम लिनक्सवर बहुधा ४०९६ बाइटचं घमेलं वापरतात आणि ते काठोकाठ भरून रिकामं करतात, मग अक्षर मधोमध चिरलं तरी त्यांना पर्वा नसते. ४०९६ ला तीनने भाग जात नाही, एक उरतो. असा प्रोग्रॅम मधेच मेला तर मराठी फाइल अक्षराच्या तिसऱ्या हिश्श्यावर संपू शकते, आणि उघडल्यावर शेवटी एक काळा चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसतं. तो चौकोन बघून लोक म्हणतात ‘फॉण्ट नाही’. फॉण्ट असतो, अक्षरच पुरतं पोचलेलं नसतं. एखाद्या तुटक्या फाइलचा आकार नेमका ४०९६ च्या पटीत दिसला तर संशय पहिला इथे घ्यावा.

भाषेभाषेचा स्वभावही वेगळा आहे. सीमधला प्रोग्रॅम रीतसर संपला तर जाताना उघड्या फाइली रित्या करून जातो. कोसळला किंवा कुणी मारला तर नाही. जावामध्ये बफर्डरायटर वापरून लिहिलं आणि बंद करायचं राहिलं, तर प्रोग्रॅम सुखरूप संपला तरी घमेल्यातला मजकूर गेला तो गेलाच. कित्येक मुलांना जावाच्या पहिल्या वर्षी रिकामी फाइल दिसते ती यामुळे. पायथन तसा मायाळू. त्याच्या नेहमीच्या अवतारात फाइल धरून ठेवणारं नाव नाहीसं झालं की ती लगेच बंद होते. त्याच पायथनचा पायपाय नावाचा दुसरा अवतार मात्र असं लगेच करत नाही. इंटरनेटवरचे शिकवणारे ‘पायथन आपोआप बंद करतो, काळजी नको’ असं बिनदिक्कत सांगतात. मला हे वर्गात ‘शिरोरेखा नाही दिली तरी वाचता येतं’ म्हणण्यासारखं वाटतं. वाचता येतं, खरं आहे. पण शिकवायचं हे नसतं.

उपाय पायथनमध्येच आहे आणि तो जुना आहे. २००६ साली आलेल्या २.५ या आवृत्तीपासून ‘विथ’ नावाची रचना आहे. ‘विथ ओपन’ लिहून फाइल उघडायची, तिचं सगळं काम त्याखाली समासाच्या आत लिहायचं. समास सोडून बाहेर आलात की फाइल बंद. मधे चूक होऊन प्रोग्रॅम अडखळला तरी बाहेर पडताना बंद. जावाने अशी सोय २०११ मध्ये सातव्या आवृत्तीत दिली. शेवटी हाताने क्लोज लिहिण्यापेक्षा ही रचना भरवशाची, कारण शेवटच्या ओळीपर्यंत प्रोग्रॅम पोचेलच असं नसतं. एखाद्या मुलाची जन्मतारीख तक्त्यात रिकामी असेल, प्रोग्रॅम तिथेच थांबेल, आणि तुमचं क्लोज खाली वाट बघत राहील. आमच्या विद्यार्थ्याने ‘विथ’ घातलं आणि कॉपी करण्याची ओळ समासाबाहेर आणली. एवढीच दुरुस्ती. समासाच्या आत ठेवली असती तर ‘विथ’ घालूनही यादी तशीच तुटली असती.

फक्त वाचण्यासाठी उघडलेली फाइल बंद केली नाही तर मजकूर जात नाही, पण फुकट काही मिळत नाही. प्रत्येक उघड्या फाइलसाठी संगणक प्रोग्रॅमला एक क्रमांक देतो, टोकनसारखा. लिनक्सवर ०, १ आणि २ हे आधीच वाटलेले असतात, तुमची पहिली फाइल बहुधा ३ क्रमांकाची. एका प्रोग्रॅमला सहसा असे १०२४ क्रमांक मिळतात. शाळेच्या जुन्या रजिस्टरांची दोन हजार स्कॅन केलेली पानं एकामागून एक उघडायची आणि एकही मिटायचं नाही, असं केलंत तर हजार-बाराशेच्या दरम्यान कुठेतरी ‘फार फाइली उघड्या आहेत’ म्हणून तो हात वर करतो. पूर्वी डॉसच्या काळी तर कॉन्फिग डॉट सिस नावाच्या फाइलमध्ये ‘फाइल्स बरोबर २०’ असं स्वतः लिहून ठेवावं लागायचं. विण्डोजवर उघडी फाइल बरेचदा पुसता येत नाही, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे म्हणून अडवते. लिनक्स पुसू देतो, नाव नाहीसं होतं, पण धरून बसलेला प्रोग्रॅम सोडत नाही तोवर डिस्कवरची जागा मोकळी होत नाही.

लिहिण्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, मला ती बंद करण्याइतकीच महत्त्वाची वाटते. ‘डब्ल्यू’ म्हणजे लिहिण्याच्या रीतीने जुनी फाइल उघडली की ती उघडताक्षणी कोरी होते. लिहायला लागल्यावर नाही, उघडल्यावरच. म्हणजे उघडणं आणि बंद करणं यांच्या मधल्या काळात जुनं गेलेलं असतं आणि नवं अजून आलेलं नसतं. आमच्या गावात वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि शाळेच्या यूपीएसची बॅटरी नावापुरती. म्हणून जाणते लोक नवा मजकूर वेगळ्या नावाच्या फाइलमध्ये लिहितात, ती बंद करतात, आणि मग तिला जुन्या फाइलचं नाव देतात. तोवर जुनी आपल्या जागी शाबूत असते.

बंद केलं म्हणजे सगळं डिस्कवर पोचलं, असंही नाही. प्रोग्रॅमने घमेलं रितं केलं ते ऑपरेटिंग सिस्टीमच्या अंगणात. ती आपल्या सवडीने ते डिस्कवर उतरवते. लिनक्सवर त्यात साधारण तीस सेकंदही जाऊ शकतात. तेवढ्यात वीज गेली तर बंद केलेली फाइलही अपुरी निघू शकते. खरोखर आत्ताच उतरव, असं सांगण्यासाठी ‘एफसिंक’ नावाचा वेगळा हुकूम आहे, बँकांचे आणि डेटाबेसचे प्रोग्रॅम तो वापरतात. पेनड्राइव्ह काढण्याआधी ‘सेफली रिमूव्ह’ का म्हणतात, त्याचंही हेच कारण. २०१८ च्या विण्डोज १० च्या आवृत्तीपासून पेनड्राइव्हसाठी मजकूर साठवून न ठेवण्याची सेटिंग मूळचीच असते, त्यामुळे तो उपचार पूर्वीइतका जरुरीचा राहिला नाही. शाळेचं मशीन विण्डोज सातचं आहे. तिथे आम्ही तो पाळतो.

आणि बंद करताना चूकही येऊ शकते. डिस्क भरली असेल तर ‘लिही’ने काही तक्रार केलेली नसते, कारण तेव्हा सगळं घमेल्यातच होतं. तक्रार येते ती शेवटची खेप टाकताना, म्हणजे क्लोजच्या वेळी. जो बंदच करत नाही त्याला ती तक्रार ऐकूच येत नाही.

सुधारलेली यादी आम्ही त्याच आठवड्यात नेऊन दिली. या वेळी क्लार्कबरोबर मीही गेलो होतो. टेबलामागच्या गृहस्थांनी २१२ आकडा पाहिला, क्रमांक १४३ वर बोट ठेवलं, म्हणाले, ‘आलं का वडिलांचं नाव? आधी नीट द्यायचं ना.’ मी त्यांना सांगितलं की नाव आधीही होतं, यादी पेनड्राइव्हवर उतरताना तुटली, मुलीच्या कागदांत काहीही उणं नव्हतं. मागचा शेरा त्या मुलीच्या नावापुढून काढून तशी नोंद करा, अशी विनंतीही लेखी दिली. त्यांनी अर्जाच्या स्थळप्रतीवर शिक्का मारून दिला. ती प्रत शाळेच्या कपाटात आहे. एक झेरॉक्स मुलीच्या आईने मागून घेतली आणि त्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली.

विद्यार्थ्याने प्रोग्रॅममध्ये नंतर एक भर घातली, मी न सांगता. पेनड्राइव्हवर कॉपी झाल्यावर प्रोग्रॅम तीच प्रत पुन्हा उघडतो, ओळी मोजतो, प्रत्येक ओळीत सगळे रकाने भरलेले आहेत का ते बघतो, मग ती बंद करतो आणि पडद्यावर उर्दूत आणि मराठीत आकडा दाखवतो. क्लार्क तो आकडा मस्टरशी ताडून वहीत लिहितात. यंदा तो २१९ आहे.